पार्टवर ८५ डिग्री लिहिलंय, पण ती ८५ नक्की कुठली?

मागच्या वर्षी सासवडच्या पुढे एका काकांच्या मळ्यात आम्ही पंपाचा टायमर कंट्रोलर बसवलेला होता. भोसरीतल्या आमच्या छोट्या शेडमध्येच बनवलेला, आत काही विशेष नाही, १२ व्होल्टचा अडॅप्टर, ७८०५ (१२चे ५ व्होल्ट करणारा रेग्युलेटर), प्रोग्रॅम चालवणारा एक मायक्रोकंट्रोलर, दोन रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि सोळा बाय दोनचा डिस्प्ले. फेब्रुवारीत बसवला तेव्हा मस्त चालला. एप्रिल लागला आणि काकांचा फोन, "अहो, तुमचं यंत्र दुपारी झोपतंय, साडेचार-पाचला आपलं आपण उठतंय." मी आधी लाइटला दोष दिला, मग अडॅप्टर बदलला, मग प्रोग्रॅममध्ये वॉचडॉग (अडकला की रीसेट करणारा टायमर) टाकला, तीन चकरा झाल्या आणि प्रत्येक वेळी मी समोर उभा असलो की यंत्र शहाण्यासारखं चालायचं, कारण मी ऊन नको म्हणून सकाळी नऊला जायचो. चौथ्या वेळी दुपारी दोनला गेलो, डबा उघडला, ७८०५ला बोट लावलं आणि चटका बसला. डबा उघडा ठेवून पाणी पिऊन आलो तर यंत्र चालू.

तर हे सगळं लिहायचं कारण ते. डेटाशीटमध्ये (पार्टच्या माहितीपत्रकात) ऑपरेटिंग टेम्परेचर नावाची एक ओळ असते, ती आपण सगळेच बघतो, "मायनस ४० ते ८५, झालं, आपल्या पुण्यात कुठे ८५ होतंय" म्हणतो आणि पुढे जातो. मीही तेच केलेलं. चूक आकडा वाचण्यात नसते, तो आकडा कुठल्या जागेचा आहे ते न बघण्यात असते.

आधी तुमचा पार्ट खरंच किती गरम हवेत बसणार आहे ते काढा. पेपरात "शिवाजीनगर ४० डिग्री" येतं ते सिमला ऑफिसच्या वेधशाळेतलं, पांढऱ्या लाकडी झडपांच्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर मोजलेलं हवेचं तापमान. तुमचा डबा त्या पेटीत बसणार नाहीये, तो पत्र्याच्या शेडला नाहीतर खांबाला उन्हात लटकणार आहे. मी सासवडहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी धायरीला घराच्या टेरेसवर तसाच काळा प्लॅस्टिकचा डबा ठेवला, आत तेच सर्किट चालू, मल्टिमीटरचा के टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) कॅप्टॉन टेपने, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने, बोर्डपासून दोन बोटं वर हवेत चिकटवला (बोर्डला टेकवायचा नाही, आपल्याला हवेचं पाहिजे) आणि दर अर्ध्या तासाने वर जाऊन आकडा लिहिला. बाहेर सावलीत ३९ असताना डब्यात ५८. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वर चार बोटं अंतर सोडून पांढरा पत्रा आडवा धरला तर ४९. म्हणजे नऊ डिग्री नुसत्या सावलीने गेल्या, एक रुपयाचा पार्ट न बदलता. त्यामुळे महाग ग्रेडचे पार्ट शोधायच्या आधी डबा कुठे लावताय, कुठल्या रंगाचा, त्याला सावली आहे का, हे बघा, हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि सगळे शेवटी करतात. आणि हो, माझी ५८ ही माझ्या डब्याची आहे, तुमची तुम्ही मोजा, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा बंद पॅनलमध्ये मोटर ड्राइव्हच्या शेजारी आणखी वेगळीच येईल.

आता डेटाशीट. त्यात तीन वेगवेगळी तापमानं असतात आणि इथेच घोळ होतो. एक टीए, म्हणजे पार्टच्या भोवतालची हवा. दुसरं टीसी, पार्टच्या अंगाचं, म्हणजे केसचं. तिसरं टीजे, आत सिलिकॉनच्या तुकड्याचं, जंक्शनचं. खोलीतला उकाडा, कपाळाला हात लावून बघितलेला ताप आणि थर्मामीटरवरचा ताप, असा फरक आहे. मायक्रोकंट्रोलर, ऑप-अँप (सिग्नल वाढवणारे आयसी) वगैरे सहसा टीएमध्ये दिलेले असतात. रेग्युलेटर, मॉस्फेट बहुतेक टीजेमध्ये. ७८०५च्या डेटाशीटमध्ये ० ते १२५ दिसतं आणि माणूस खूश होतो, पण ते जंक्शनचं आहे, हवेचं नाही. आणखी एक ओळ असते स्टोरेज टेम्परेचर, मायनस ६५ ते १५० वगैरे, ती चालू नसलेला पार्ट गोडाउनमध्ये ठेवायची आहे, तिच्यावर डिझाइन करायचं नाही. तसंच अ‍ॅब्सोल्यूट मॅक्झिमम हे टेबल मरायची रेघ सांगतं, चालायची नाही, चालायची रेघ रेकमेंडेड ऑपरेटिंग कंडिशन्समध्ये असते.

हवेवरून जंक्शनला जायचं गणित पाचवीतलं आहे. पार्टमध्ये किती वॅट जळतात ते काढा, डेटाशीटमध्ये जंक्शन टू अँबियंट थर्मल रेझिस्टन्स असतो, डिग्री पर वॅटमध्ये, त्याने गुणा, हवेत मिळवा. आमचंच बघा. १२ मधून ५ करायचे, म्हणजे ७ व्होल्ट ७८०५च्या डोक्यावर. दोन रिले प्रत्येकी साधारण ७० मिलिअँपिअर, बाकी सर्किट आणि डिस्प्लेची बॅकलाइट मिळून ६०, एकूण २०० मिलिअँपिअर. सात गुणिले शून्य पॉइंट दोन, १.४ वॅट. टीओ-२२० पॅकेजला हीटसिंक नसेल तर साधारण ६५ डिग्री पर वॅट. म्हणजे ९१ डिग्रीची वाढ. आमच्या बेंचवर २८ डिग्रीला जंक्शन ११९, मर्यादा १२५, कसंबसं पास, म्हणून टेस्टिंगला काही कळलंच नाही. डब्यात ५८ला तेच १४९. ७८०५मध्ये थर्मल शटडाउन असतं, तो स्वतःला वाचवायला आउटपुट पाडतो, गार झाला की परत देतो. काका बिचारे शब्दशः खरं सांगत होते, यंत्र झोपत होतं.

इथे हीटसिंक लावून चाललं असतं, पण बंद डब्यात हीटसिंकने उष्णता डब्यातच राहते, बाकीच्या पार्टची हवा तापते, म्हणून मी बक कन्व्हर्टर (कमी उष्णतेत व्होल्टेज उतरवणारं सर्किट) टाकला. एक वॅटचा लोड, ८५ टक्के एफिशियन्सी धरली तरी नुकसान ०.१८ वॅटच्या आसपास. १.४च्या जागी ०.१८. डब्यातलं तापमानही तीन-चार डिग्रीने उतरलं, तो बोनस.

हे झालं की मग ग्रेड. कमर्शियल ० ते ७०, इंडस्ट्रियल मायनस ४० ते ८५, मिलिटरी मायनस ५५ ते १२५, ही ढोबळ नावं सगळे वापरतात, पण ती कायद्यासारखी नाहीत, कंपनीगणिक इकडेतिकडे होतं, त्यामुळे "इंडस्ट्रियल आहे साहेब" या वाक्यावर पार्ट घेऊ नका, आकडा बघा. ऑटोमोटिव्हचं मात्र पक्कं आहे. आयसीसाठी एईसी-क्यू१०० नावाचं क्वालिफिकेशन असतं, त्यात ग्रेड ३ म्हणजे मायनस ४० ते ८५, ग्रेड २ ते १०५, ग्रेड १ ते १२५ आणि ग्रेड ० ते १५०. आकडा जितका लहान तितकी परीक्षा कडक. डायोड-ट्रान्झिस्टरना क्यू१०१ आणि रेझिस्टर-कपॅसिटरना क्यू२००. चाकण-पिंपरीच्या गाड्यांच्या कंपन्यांना माल देणाऱ्यांकडे हे रोजच्या बोलण्यात असतं, बाकीच्यांनी घाबरायचं कारण नाही, तुमचं यंत्र बॉनेटखाली बसणार नसेल तर ग्रेड ०च्या मागे लागून पैसे घालवू नका.

जास्त घोळ होतो तो पार्ट नंबरच्या एका अक्षराचा. आयसी तोच, पिना त्याच, सर्किट तेच, अक्षर बदललं की तापमान बदललं. ५५५ टायमर आयसी घ्या, एनई५५५ ० ते ७०, एसए५५५ मायनस ४० ते ८५, एसई५५५ मायनस ५५ ते १२५. मॅक्स२३२ (सिरियल पोर्टचा आयसी) मध्ये नंतरचं अक्षर सी असेल तर ० ते ७०, ई असेल तर मायनस ४० ते ८५, एम असेल तर मिलिटरी. एसटीएम३२एफ१०३सी८टी६ या मायक्रोकंट्रोलरमधला शेवटचा ६ म्हणजे ८५ पर्यंत, तिथे ७ असेल तर १०५ पर्यंत. एलएम३५ या तापमानाच्या सेन्सरमध्ये ३५ नंतर डी असेल तर तो ० ते १०० चाच आहे, बाजारात बहुतेक तोच मिळतो आणि लोक त्याच्याकडून मायनस ५५ मागतात. एलएम३५८ हा ऑप-अँप ० ते ७०, त्याचा इंडस्ट्रियल भाऊ एलएम२९०४, मायनस ४० ते १२५, पिनला पिन बसतो, पण इथे एक खाच आहे, साध्या एलएम२९०४ला सप्लाय जास्तीत जास्त २६ व्होल्ट, एलएम३५८ला ३२, त्यामुळे २४ व्होल्टच्या पॅनलमध्ये सप्लाय वर-खाली होत असेल तर नुसतं तापमान बघून बदली करू नका.

हे अक्षर ऑर्डर करताना गळतं कसं, तर सर्किट काढणारा लिहितो "५५५", बीओएममध्ये (पार्टच्या यादीत) जातं "५५५ टायमर", आणि आणणारा पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन "दहा ५५५ द्या" म्हणतो. कोणाचीच चूक नाही आणि डब्यात एनई बसतो. म्हणून बीओएममध्ये पूर्ण पार्ट नंबर लिहायचा, शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि पार्ट आला की भिंग घेऊन वाचायचा. आणि खोडून नवा नंबर छापलेले पार्ट बाजारात फिरतात हेही धरून चाला, जिथे खरंच गरम आहे तिथला आयसी अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडून मागवा, बाकी रेझिस्टर-कनेक्टर गल्लीतून घ्यायला माझी काही हरकत नाही, मीही तिथूनच घेतो.

तपकीर गल्लीवरून आठवलं, इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. मला एक पार्ट बघायला वेळ असेल आणि दुसऱ्याला नसेल तर मी आयसी सोडून हा बघीन. त्याच्या अंगावर ८५ किंवा १०५ छापलेलं असतं. दुकानदाराने दोन्ही काउंटरवर ठेवले आणि म्हणाला, "एकच आहे हो, १०५वाला उगाच महाग, आपल्याकडे कुठे १०५ होतंय." ऐकायला बरोबर वाटतं ना? पण तो आकडा मर्यादेपेक्षा आयुष्याचा आहे. डेटाशीटमध्ये त्याच्यासोबत तास असतात, समजा २००० तास. म्हणजे त्या तापमानाला तो २००० तास टिकतो, आणि दर १० डिग्री कमी केल्या की आयुष्य साधारण दुप्पट. आता डब्यात कपॅसिटरजवळ ६५ धरा. ८५वाल्याला २० डिग्री कमी, म्हणजे दोनदा दुप्पट, ८००० तास, सतत चालू असेल तर अकरा महिने. १०५वाल्याला ४० डिग्री कमी, चारदा दुप्पट, ३२,००० तास, साडेतीन वर्षांच्या वर. एक-दोन रुपयांचा फरक असतो तिथे. मोठ्या तासांचे, ५,००० किंवा १०,००० वालेही मिळतात, पॉवर सप्लायमध्ये तेच घाला. आणि लेआउट करताना हा कपॅसिटर रेग्युलेटरला आणि पॉवर रेझिस्टरला खेटून ठेवू नका, रिपल करंटमुळे (डीसीवरच्या चढउताराच्या करंटमुळे) तो स्वतःही आतून तापतो, त्यात शेजारी शेगडी कशाला.

सिरॅमिक कपॅसिटरचा प्रॉब्लेम मरण्याचा नसतो, आकसण्याचा असतो. एक्स७आर जातीचा मायनस ५५ ते १२५ मध्ये किंमत ±१५ टक्क्यांत ठेवतो, एक्स५आर तेच पण ८५ पर्यंतच. वाय५व्ही मायनस ३० ते ८५ चालतो म्हणतात, चालतो पण किंमत ८२ टक्क्यांपर्यंत पडू शकते, म्हणजे १० मायक्रोफॅरड लावलेत तर टोकाला १.८ उरू शकतो, आणि व्होल्टेज लागल्यावर सिरॅमिकची किंमत आणखी पडते ती वेगळीच. रेग्युलेटर ऑसिलेट व्हायला लागला आणि फक्त दुपारी होतंय असं असेल तर आधी इथे बघा. टायमिंगला, फिल्टरला सी०जी घ्या, तो हलत नाही.

रेझिस्टर बहुतेक ७० डिग्रीपर्यंत पूर्ण वॅट देतात, तिथून सरळ रेषेत कमी होत १५५ला शून्य. पाव वॅटचा रेझिस्टर १०० डिग्रीच्या हवेत ०.१६ वॅटचाच राहतो. एसएमपीएसचंही (स्विचिंग पॉवर सप्लायचंही) तसंच, लेबलवर ७० डिग्री लिहिलेलं असतं आणि आतल्या पानावर आलेख असतो की ५०च्या पुढे लोड कमी करा. तो आलेख बघा, लेबल नको.

बोर्ड किती तापमानाचा हे त्यावरचा सगळ्यात कच्चा पार्ट ठरवतो. लोक मायक्रोकंट्रोलर १०५चा घेतात आणि शेजारी डीएचटी११ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर लावतात, जो ० ते ५० आहे. साधा कॅरेक्टर डिस्प्लेही बऱ्याचदा ० ते ५०, आमचा दुपारी पूर्ण काळा पडायचा, वाइड टेम्परेचरवाला मागितला की मायनस २० ते ७० मिळतो. रास्पबेरी पाय ४ (एका बोर्डवरचा छोटा कॉम्प्युटर) सुद्धा ० ते ५०च्या हवेसाठी आहे. लिथियम आयनची बॅटरी बहुतेक ४५च्या वर आणि शून्याच्या खाली चार्ज करायची नाही, उन्हातल्या सोलर डब्यात हे सगळ्यात जास्त नडतं, चार्जरला थर्मिस्टर (तापमान ओळखणारा रेझिस्टर) जोडाच. रिलेचं वेगळंच, कॉइल तांब्याची, तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला ०.३९ टक्के वाढतो, त्यामुळे २० डिग्रीला ९ व्होल्टवर ओढणारी १२ व्होल्टची रिले कॉइल ७० डिग्रीची झाली की १०.८ मागते, आणि तेव्हाच नेमकी बॅटरी उतरलेली असते. आणि जे इलेक्ट्रॉनिक्स नाही तेही बघा, एका मित्राने हौसेने पीएलए प्लॅस्टिकचा डबा थ्रीडी प्रिंट केला, पीएलए ६० डिग्रीला मऊ पडतं, आतलं सर्किट ठणठणीत आणि डबा जिलबीसारखा. साधी पीव्हीसी वायरही ७० डिग्रीचीच असते.

थंडीचं पुण्यात टेन्शन नाही, पहाटे आठ डिग्री म्हणजे आपल्याला स्वेटर लागतो, पार्टला नाही. पण माल लेहला जाणार असेल तर ० ते ७०चं काहीच चालत नाही, इलेक्ट्रोलायटिकचा ईएसआर (आतला रेझिस्टन्स) वाढतो, डिस्प्ले गोगलगाय होतो आणि उंचीवर हवा विरळ असल्याने थंडी असूनही हीटसिंक इथल्यापेक्षा कमी काम करतो, हे शेवटचं बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही.

मार्जिन किती ठेवायचं? मी मोजलेल्या सगळ्यात वाईट आकड्याच्या वर १५ डिग्री धरतो. डब्यात ५८, म्हणजे ७३, मग ७०चे पार्ट बाद, ८५चे चालतील. जंक्शनसाठी १२५ची मर्यादा असेल तर मी १०० ते १०५च्या वर नेत नाही. यापेक्षा जास्त मार्जिन मागणारे असतात, त्यांचं बिल कोणीतरी दुसरं भरत असतं.

आणि पाठवायच्या आधी एकदा भाजून बघा. टेस्ट चेंबर नसेल तर पत्र्याची पेटी, आत पिवळा बल्ब, थर्मोस्टॅट आणि थर्मोकपल, ७०ला चार-पाच तास पूर्ण लोडवर चालवा, रिले सतत टकटक करत ठेवा. समोर बसून करा, लावून घरी जाऊ नका. थंडीला घरचा फ्रीझर मायनस १८ पर्यंत जातो, बोर्ड झिपच्या पिशवीत घाला म्हणजे बाहेर काढल्यावर पाणी धरणार नाही. घरच्यांना आधी सांगा. मी नव्हतं सांगितलं.

काकांचा डबा मेमध्ये बक कन्व्हर्टर, वाइड डिस्प्ले आणि वर पांढरा पत्रा लावून परत बसवला, त्यानंतर दुपारची झोप बंद. जूनमध्ये परत फोन आला, म्हटलं आता काय. तर म्हणाले, "बाकी झकास आहे, पण घड्याळ मिनिटभर मागे पडलंय." डीएस१३०७ हा घड्याळाचा आयसी होता त्यात, बाहेर ३२.७६८ किलोहर्ट्‌झचा साधा क्रिस्टल. तो २५ डिग्रीला बरोबर चालतो, त्यापासून वर जा नाहीतर खाली जा, मागेच पडतो, फरकाच्या वर्गाने, दर डिग्री वर्गाला ०.०३४ पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग). ६० डिग्रीला ४२ पीपीएम, म्हणजे दिवसाला साडेतीन सेकंदांच्या वर. डीएस३२३१एसएन टाकला, तो आतल्या तापमानाप्रमाणे स्वतःला दुरुस्त करतो, मायनस ४० ते ८५ मध्ये ±३.५ पीपीएम. मॉड्यूल घेताना भिंगाने "एसएन" वाचून घेतलं, नुसता "एस" ० ते ७०चा असतो. घरी आल्यावर मॉड्यूल उलटं केलं तर मागे लिथियमचं बटन सेल, त्या सेलची मर्यादा ६०.